भर उन्हात नावेवरचा इन्व्हर्टर तापू नये म्हणून

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच लागलेला. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या एका गावची बोडी, म्हणजे छोटं तळं, आटत आली होती. तिच्यात वाढलेली बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, पाणी संपायच्या आत मोठ्या जलाशयातल्या पिंजऱ्यांत हलवायची होती. पहाटे पाचला निघायचं ठरलं, पण जाळं ओढायला, मोजायला, टाक्या भरायला वेळ गेला आणि नाव काठावरून सुटली तेव्हा अकरा वाजले होते. नावेवर दोन निळ्या टाक्या, दोन्हींत हवा सोडणारा एकेक पंप आणि पंप चालवायला मी बसवून दिलेला इन्व्हर्टर. अर्ध्या वाटेत मशीन दोनदा पीं-पीं वाजली आणि पंप थांबले. नाव चालवणाऱ्या काकांचा फोन आला, "भाऊ, पंप बंद पडले जी. बॅटरी तं भरून आहे. काहून बंद पडले?"

बॅटरी खरंच भरलेली होती. इन्व्हर्टरही बिघडला नव्हता. पाण्याचे शिंतोडे लागू नयेत म्हणून मी तो पत्र्याच्या पेटीत झाकण घट्ट लावून बसवला होता. पेटीवर थेट ऊन, आत मशीनची स्वतःची गरमी, हवेला कुठूनच वाट नाही. ठरावीक तापमान ओलांडलं आणि मशीनने स्वतःला वाचवायला काम थांबवलं. पंपांचा लोड दोन्ही मिळून अडीचशे वॅट, म्हणजे मशीनच्या ताकदीच्या निम्म्याहूनही कमी. अर्ध्या तासाने ती थंड होऊन आपोआप सुरू झाली, पण तोवर एका टाकीतली बरीचशी बोटुकली पोटं वर करून तरंगत होती. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. त्यात टाकीतली दाटी. पाच-दहा मिनिटंही पुरतात.

चूक माझी होती. मी गावोगाव इन्व्हर्टर-बॅटरी बसवतो, पण घरातलं काम आणि नावेवरचं काम यातला फरक मला त्या दिवशी कळला. आता वैनगंगेच्या काठावर, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात, मामा (जुन्या मालगुजारी) तलावांवर नवी पोरं मासेमारीच्या आणि फिरण्याच्या नावा घेताहेत आणि त्यांवर इन्व्हर्टर बसवताहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी गरमी येते कुठून ते समजून घ्या

इन्व्हर्टर बॅटरीतला १२ व्होल्टचा डीसी करंट घेतो आणि त्याचा २३० व्होल्टचा एसी करून देतो. या बदलात सगळीच वीज पलीकडे पोचत नाही. साधारण मशीन शंभरातले ८५ ते ९० वॅट पोचवते, उरलेल्यांची गरमी होते. हिशोब करून पाहा. नावेवर ६०० वॅटचा लोड आहे आणि मशीन ८५ टक्क्यांची आहे. बॅटरीतून ती सातशेच्या वर वॅट ओढणार आणि शंभरच्या वर वॅट आतच तापून जाणार. पोल्ट्रीत पिल्लांना ऊब द्यायला शंभर वॅटचा लट्टू, म्हणजे बल्ब, लावतात ना, तो एका बंद पेटीत पेटवून ठेवल्यासारखं हे आहे. त्या लट्टूखाली हात धरून पाहिलेल्या माणसाला पुढचं सगळं सोपं जाईल.

दुसरी गरमी बाहेरची. मशीनवर लिहिलेले वॅट कुठल्या तरी ठरावीक तापमानाला मोजलेले असतात, बहुतेक वेळा २५ अंशांना. त्यापुढे तापमान चढेल तशी ताकद उतरते. २५ अंशांना १००० वॅट देणारी मशीन ४० अंशांना ८००-८५० वॅटच देईल, असं माहितीपत्रकात बारीक अक्षरात छापलेलं सापडतं. कित्येक मशीनना ४० किंवा ५० अंशांच्या पुढे चालवूच नका असं म्हटलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलं तापमान ४५ ला टेकतं. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले, आणि ती नोंद सावलीतल्या, हवा खेळत्या ठेवलेल्या तापमापकाची असते. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत त्याच वेळी साठच्या पुढचा आकडा सहज दिसतो.

तिसरी गरमी ढिल्या जोडणीची. ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

माझं म्हणणं थोडक्यात असं की आधी गरमी तयारच कमी होऊ द्या, मग तयार झालेलीला बाहेर जायची वाट द्या. नवीन माणूस नेमका उलटा जातो. आधी मशीनवर पंखा लावतो आणि लोड तसाच ठेवतो.

पहिलं काम: इन्व्हर्टरवरून जेवढं काढता येईल तेवढं काढा

एका कागदावर नावेवर चालणाऱ्या सगळ्या वस्तू लिहा. प्रत्येकीपुढे वॅट आणि किती तास चालते ते लिहा. मग एकेकीला विचारा, हिला २३० व्होल्ट खरंच लागतात का?

दिव्यांना लागत नाहीत. १२ व्होल्टचे एलईडी दिवे गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळतात. मोबाइल चार्जिंगला लागत नाहीत. १२ व्होल्टच्या सॉकेटमधून यूएसबी निघतो. पंख्यांना लागत नाहीत. १२ व्होल्टचे डीसी पंखे सोलरच्या सामानासोबत येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाकीत हवा सोडणारे पंपसुद्धा १२ व्होल्ट डीसीवर चालणारे मिळतात. बॅटरीतून फ्यूज लावून थेट पंपाला वायर दिली की मध्ये इन्व्हर्टरच उरत नाही, मग तापणार काय? त्या बोटुकलीच्या दिवसानंतर मी त्या नावेवरचे दोन्ही पंप डीसीचे केले. इन्व्हर्टर आता फक्त वजनकाटा आणि अधूनमधून ड्रिल मशीन यांच्यासाठी आहे.

ज्याच्यावर जीव अवलंबून आहे, मग तो माशांचा असो की माणसांचा, ते काम इन्व्हर्टरच्या भरवशावर ठेवू नका. नावेचा रात्रीचा दिवा, तळातलं पाणी उपसायचा पंप, माशांची हवा हे सगळं थेट बॅटरीवर.

फ्रीज किंवा बर्फाची पेटी चालवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू लोडच्या तीन ते सहा पट करंट ओढतो. १५० वॅटचा फ्रीज म्हणून छोटी मशीन घेतली तर ती दर सुरुवातीला दम टाकते आणि दुपारी चारदा ट्रिप होते. मला विचाराल तर दिवसभराच्या नावेला फ्रीज नकोच. भंडाऱ्याकडून बर्फाची लादी आणा, थर्माकोलच्या पेटीत भुशात ठेवा.

मशीन घेताना

लोडच्या दुप्पट ताकदीची घ्या. ४०० वॅट लागत असतील तर ८०० वॅटची. निम्म्या लोडवर मशीन कमी तापते आणि उन्हाने उतरलेली ताकदही त्यात निभावून जाते. व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि वॅट यांत गल्लत होऊ देऊ नका. ८५० व्हीएची घरगुती मशीन ६८० वॅटच्या आसपासच देते. पण पाचपट मोठीही घेऊ नका, कारण मोठी मशीन रिकामी चालली तरी जास्त वीज खाते आणि तेवढी गरमी करते.

प्युअर साइन वेव्हचीच, म्हणजे घरच्या लाइनसारखी वीज देणारी घ्या. स्क्वेअर वेव्हची स्वस्त असते, पण तिच्यावर पंप-पंख्यांच्या मोटारी घुं-घुं करतात आणि जास्त तापतात. नवीन नाव बांधत असाल आणि लोड हजार वॅटच्या पुढे असेल तर दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टची मशीन लावा. तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो आणि त्याच वायरमधली गरमी चौथ्या हिश्श्यावर येते.

घरातली चाकांच्या ट्रॉलीवरची मशीन उचलून नावेवर नेऊ नका. तिच्या जाळ्या खालून आणि बाजूने उघड्या असतात, पाणी सरळ सर्किटवर जातं. भिंतीला घट्ट बसणारी, स्क्रूने आवळता येणारी मशीन हवी.

जागा

घरात मी उत्तरेची भिंत शोधतो, तिथे ऊन येत नाही. नावेला उत्तरेची भिंत नसते. नाव वळली की सावलीची बाजू उन्हात येते. शिवाय पाण्यावरून परत येणारं ऊन खालून मारतं, छताच्या आतही पोचतं. म्हणून जागा अशी हवी की नाव कुठेही तोंड करून उभी राहिली तरी थेट किंवा पाण्यावरून आलेलं ऊन लागणार नाही. बहुतेक नावांवर ती केबिनच्या आतल्या आडव्या भिंतीवर किंवा बसायच्या बाकाच्या मागे सापडते.

नावेचा तळ थंड असतो हे खरं. पाण्याला टेकलेला भाग दुपारीही हाताला गार लागतो आणि मशीन तिथे ठेवायचा मोह होतो. पण तळात पाणी साचतं, आणि पेट्रोलचं इंजिन असेल तर पेट्रोलची वाफही जड असल्यामुळे तळाशीच बसते. मशीनमध्ये रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारे स्विच, टकटक करतात, ठिणगी पडते. पेट्रोलची टाकी आणि इन्व्हर्टर एका कप्प्यात कधीच नको. तळापासून निदान गुडघाभर उंच, टाकीपासून लांब. इंजिनाच्या भिंतीवरही नको, कारण ती भिंत स्वतःच तापते.

मशीन उभी बसवा की आडवी, हे तिच्या पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं असतं, ते पाहा. तिच्या पाठीवर ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या असतील, म्हणजे हीटसिंक असेल, तर त्या पट्ट्या उभ्या राहतील अशी बसवा. गरम हवा वर चढते, उभ्या पट्ट्यांमधून ती धुराड्यासारखी निघून जाते. आडव्या पट्ट्यांमध्ये अडकून बसते. चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडा आणि ती मोकळीच राहू द्या. मी पाहतो, आठ दिवसांत त्या जागेत दोर, जेवणाचा डबा, पावसाळी टोपी, शेला, सगळं येऊन बसतं. पंख्याच्या जाळीवर शेला टाकलेली मशीन तर मी तीनदा तरी पाहिली आहे. मशीनच्या बाजूला लाकडी पट्टी ठोकून टाका, सामान पुढे सरकणार नाही.

लाकडी फळीवर बसवत असाल तर मशीन आणि फळी यांच्या मध्ये पत्रा किंवा सिमेंट शीट घाला. ताडपत्री, फोम, थर्माकोल यांच्यावर नको.

हवेला वाट

मी केलेली पत्र्याची पेटी पूर्ण वाईट नव्हती. शिंतोडे अडवायला काहीतरी लागतंच. तिला दोन भोकं नव्हती एवढंच.

भोकं कशी, ते सांगतो. एक खाली, एक वर, आणि समोरासमोर नाही तर तिरकी, म्हणजे हवा पूर्ण मशीनवरून फिरून जाईल. प्रत्येक भोक निदान चार इंच बाय चार इंच. डास-झुरळांसाठी जाळी लावणार असाल तर भोक दुप्पट मोठं करा, जाळी हवा अडवते. भोकावर पत्र्याची टोपी खाली तोंड करून ठोका, घराच्या खिडकीवर छज्जा असतो तशी. पाणी वरून, बाजूने आलं तरी आत जाणार नाही.

नाव दोराला बांधून पुढून उभी असेल तर तिचं नाक वाऱ्याकडे वळतं. म्हणून हवा आत यायचं भोक पुढच्या बाजूला आणि बाहेर जायचं मागच्या बाजूला ठेवलं तर वारा फुकट काम करतो. पण दुपारी दोन वाजता गोसीखुर्दच्या पाण्यावर पान हलत नाही तेव्हा काय? तेव्हा पंखा लागतो.

हा पंखा मोठा लागत नाही. हिशोब असा: मशीन शंभर वॅट गरमी सोडते आणि पेटीतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर दर मिनिटाला साधारण अर्धा घनमीटरच्या थोडी वर हवा बदलायला हवी. कॉम्प्युटरच्या डब्यात बसतो तो १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा पंखा हे आरामात करतो आणि स्वतः दोन-चार वॅटच खातो. पंखा वरच्या भोकावर लावा, गरम हवा बाहेर फेकणारा. फेकलेली हवा परत खालच्या भोकातून आत येणार नाही एवढं अंतर पाहा. मशीनच्या आतल्या पंख्याची हवा कुठल्या बाजूने येते तेही कागदाचा कपटा धरून तपासा. तुमचा पंखा आणि तिचा पंखा एकमेकांच्या तोंडावर फुंकत असतील तर दोघेही वाया.

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर, आणि नावेवर कूलर लावलेलेही मी पाहिले. कूलरची हवा थेट इन्व्हर्टरवर सोडू नका. ती थंड असते, पण ओलीही असते. सर्किटवर धूळ असेल तर ओलाव्याने ती चिकटते, तांबं हिरवं पडतं. मशीनवर ओलं गोणपाट टाकणं तर साफ चूक, जीव जाईल. बर्फाची पिशवी ठेवणंही चूक, थंड पत्र्यावर आतून पाण्याचे थेंब जमतात.

वायर आणि थिंबल

हा भाग दोनदा वाचा.

१२ व्होल्टवर ६०० वॅटचा लोड म्हणजे बॅटरीकडून सुमारे ६० अँपिअर. घरातल्या लोकांना वाटतं ६०० वॅट म्हणजे तीनेक अँपिअर. ते २३० व्होल्टवर. १२ व्होल्टच्या बाजूला वायर मनगटातल्या कड्यासारखी जाड लागते. समजा बॅटरी मशीनपासून दीड मीटर लांब आहे, म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर वायर. ती ६ स्क्वेअर एमएमची घेतली तर ६० अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच मरतो आणि वायरमध्येच तीसेक वॅट गरमी होते. तीच वायर २५ स्क्वेअर एमएमची घेतली तर गरमी सात-आठ वॅटवर येते. शिवाय मशीनला व्होल्ट कमी मिळाले की तेवढ्याच कामासाठी ती जास्त करंट ओढते आणि आणखी तापते. म्हणून वायर जाड, तांब्याची, बारीक तारांची लवचीक आणि होईल तेवढी आखूड.

आता थिंबल. वायरच्या टोकाला जे तांब्याचं कानवलं दाबून बसवतात ते. हे पक्कडीने चेपून बसवायचं नाही, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबायचं. हत्यार नसेल तर बाजारात बसवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. एका ढिल्या थिंबलचा अडथळा ओममध्ये फक्त शंभराव्या हिश्श्याइतका असला तरी ६० अँपिअरला तिथे ३६ वॅट गरमी होते. नखाएवढ्या जागेत ३६ वॅट! सोल्डरिंगची गरम सळई एवढीच असते. ती गरमी तांब्यातून सरळ मशीनच्या आत शिरते, आणि माणूस म्हणतो मशीन तापते. त्या काकांच्या नावेवर पेटी काढल्यावर मला दिसलं, बॅटरीच्या प्लसच्या थिंबलखालचं लाल कव्हर पिवळट पडून आक्रसलं होतं. हात लावला तर चटका. मायनसचं थिंबल कोमट होतं. प्लसमधून जाणारा आणि मायनसमधून परतणारा करंट सारखाच, मग एक गरम आणि एक कोमट का? कारण नावेच्या हादऱ्यांनी प्लसचा नट अर्धा आटा फिरून ढिला झाला होता.

नाव सारखी थरथरते, म्हणून प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वॉशर. टर्मिनल आधी घासून चकचकीत करा, घट्ट आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली. जेली दोन धातूंच्या मध्ये नाही, आवळल्यानंतर वरून. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत. वायरला मधे कुठे चिरा पडून ती टेकली तर आग लागण्याआधी फ्यूज उडाला पाहिजे.

तपासायला इन्फ्रारेड तापमापक घ्या, बंदुकीसारखा असतो. कोरोनाच्या वेळचा कपाळावर धरायचा चालणार नाही, तो अंगाच्या तापमानाच्या पुढचं मोजत नाही. औद्योगिक कामाचा घ्या. चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा दाखवतो, म्हणून टर्मिनलवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. दोन जोडीच्या टर्मिनलमध्ये १० अंशांचा फरक दिसला तर गरम बाजू उघडा, तिथेच दोष आहे. साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतची असते. वायर हाताला धरवत नसेल तर काम थांबवा. करंट मोजायचा असेल तर क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा, स्वस्तातले फक्त एसी मोजतात.

बॅटरी वेगळी

ट्यूब्युलर (आम्ल-पाण्याची) बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो हलका असतो, वर चढतो. इन्व्हर्टर बरोबर तिच्या डोक्यावर बसवला तर ठिणगी आणि वायू एकत्र येतात, शिवाय आम्लाची वाफ सर्किट खाते. म्हणून बाजूला ठेवा, वर नाही, आणि बॅटरीच्या पेटीला वरून बाहेर जाणारी वाट द्या. बॅटरीलाही गरमी सोसत नाही. सतत पस्तीस अंशांत राहणाऱ्या बॅटरीचं आयुष्य पंचवीस अंशांतल्या बॅटरीच्या निम्म्यावर येतं असा सर्वसाधारण हिशोब आहे. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर दर आठ-पंधरा दिवसांनी, सकाळी गार असताना पाहा. लिथियम बॅटरी असेल तर तिचं आतलं सर्किट साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग रोखतं. दुपारी चार्ज होत नाही म्हणून बॅटरी खराब समजू नका.

छत आणि वेळ

छताच्या पत्र्याला वरून पांढरा रंग द्या आणि आत, पत्र्यापासून चार बोटं सोडून, बांबूची चटई किंवा प्लायवूड ठोका. सोलर प्लेट लावत असाल तर ती छताला चिकटवू नका. वीतभर उंच उचला. प्लेट स्वतः उन्हात साठ-सत्तर अंशांपर्यंत तापते, पण उचललेली असेल तर खालून वारा जातो, छतावर सावली पडते आणि प्लेटही थोडी जास्त वीज देते.

मशीनचं जड काम सकाळी दहाच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. चार्जिंगही तसंच, कारण चार्ज करतानाही तीच मशीन तापते. काठावर लाइन असेल तर रात्री चार्जिंगला लावा. नवतप्यात बारा ते चार लोड निम्म्यावर आणा. बोटुकली हलवायची असेल तर पहाटेच. उशीर झाला तर त्या दिवशीचं काम दुसऱ्या पहाटेवर ढकला. हे मी आता हक्काने सांगतो.

नाव सोपवण्याआधीची चाचणी

सगळं बसवल्यावर मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता, नाव उभी ठेवून, नेहमीचा पूर्ण लोड एक तास चालवा. चालत्या नावेला वारा लागतो, तिथे सगळंच बरं वाटतं. सुरुवातीला, अर्ध्या तासाला आणि तासाला चार ठिकाणचे आकडे वहीत लिहा: बाहेरची हवा, पेटीतली हवा, प्लसचं थिंबल, मायनसचं थिंबल. पेटीतला आकडा शेवटच्या अर्ध्या तासातही चढतच राहिला तर वाट कमी पडते आहे, भोक वाढवा. चढून एका जागी थांबला आणि बाहेरच्यापेक्षा दहाच्या आत असला तर नाव द्या.

साफसफाई महिन्यातून एकदा. भंडाऱ्याकडे राइस मिलचा कोंडा हवेत उडतो, तो पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत नमद्यासारखा बसतो. मशीन बंद करून, बॅटरी सोडवून, बाहेरूनच ब्लोअर मारा. झाकण उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बराच वेळ साठून राहते.

तरीही तापून बंद पडली तर

आधी लोड काढा, मशीनचं मेन बटण लगेच बंद करू नका. ती चालू राहिली तर तिचा पंखा फिरत राहतो आणि आतली गरमी बाहेर येते. झाकण, पेटी, दार, सगळं उघडा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. पाणी मारू नका. वायरींना हात लावायचा असेल तर मात्र आधी बटण बंद करा आणि बॅटरी सोडवा. कित्येक मशीन थंड झाल्यावर आपोआप सुरू होतात आणि आउटपुटला २३० व्होल्ट येतात, कोणी वायर धरून बसलेलं असलं तरी. पाण्यावरच्या ओल्या पायांनी बसलेला झटका घरातल्यासारखा नसतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, लावाच, पण इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल आणि अर्थिंगची जोडणी नसेल तर तो ट्रिपच होत नाही. ही जोडणी प्रत्येक मशीनला वेगळी असते, जाणकार वायरमनला पुस्तिका दाखवून त्याच्याकडूनच करून घ्या.

परत सुरू करताना एकेक वस्तू जोडा. दहा मिनिटांत पुन्हा पीं-पीं झाली तर त्या दिवशी मशीन वापरू नका. मशीनमधून जळका वास आला, प्लास्टिक वितळलेलं दिसलं किंवा बॅटरी फुगली असेल तर फ्यूज काढा आणि नाव काठाला आणा.

त्या काकांच्या नावेवर आता पेटीला दोन भोकं आहेत, वरच्यावर छोटा पंखा आहे आणि थिंबल २५ स्क्वेअर एमएमच्या वायरला दाबून बसवलेली आहेत. पेटीच्या दारावर आतून मी खडूने चारही आकडे लिहून ठेवतो. यंदाच्या नवतप्यात दुपारी दोनला बाहेर ४४ आणि आत ५१ होते. पंप थेट बॅटरीवर चालू होते.